अँड्रॉइड: सेव्ह केलेल्या व्हिडिओची लांबी 00:00 दिसते, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या गावातल्या आज्यांच्या जात्यावरच्या ओव्या व्हिडिओत जपून ठेवण्यासाठी कॉटलिन या प्रोग्रॅमिंग भाषेत अ‍ॅप करतोय. रेकॉर्डिंग छान होतं, जात्याची घरघरसुद्धा स्पष्ट येते. अडलंय ते यादीत. प्रत्येक ओवीपुढे तिची लांबी हवी, तिथे सगळीकडे 00:00.

आधी व्हिडिओव्ह्यूला (अँड्रॉइडचा व्हिडिओ दाखवणारा घटक) फाइल देऊन कोडच्या पुढच्याच ओळीत गेटड्युरेशन, म्हणजे लांबी, विचारलं. लॉगमध्ये -1, म्हणजे लांबी अजून माहीत नाही. त्याला 1000 ने भागलं की पूर्णांकात 0 उरतो, एवढं उमगलं. ऑनप्रिपेअर्डमध्ये, म्हणजे व्हिडिओ तयार झाल्यावर, विचारलं तेव्हा 134000 मिलिसेकंद आलं, म्हणजे 2 मिनिटं 14 सेकंद, अगदी बरोबर. पण 40 ओव्यांसाठी 40 प्लेअर उघडणं पटत नाही.

म्हणून मीडियामेटाडेटारिट्रीव्हर (व्हिडिओ न वाजवता त्याची माहिती वाचणारा) घेतला. अ‍ॅपच्या फोल्डरमधल्या फाइलींना तो चालतो. गॅलरीतून निवडलेल्या व्हिडिओच्या यूआरआयचा (व्हिडिओचा पत्ता) पाथ काढून दिला, की फाइल देण्याच्या पायरीवर, सेटडेटासोर्सवरच अ‍ॅप बंद पडतं. काय चुकतंय?

आणखी एक. एका फाइलची लांबी नल, म्हणजे रिकामी, येते आणि ती वाजतही नाही. रेकॉर्डिंग चालू असतानाच फोनची बॅटरी संपली होती. त्या आजी आता हयात नाहीत, त्यामुळे ती फाइल सोडवत नाही. काही करता येईल का?

प्रतिसाद

पाथमध्येच चूक आहे. गॅलरी देते तो कंटेंट यूआरआय. त्याचा पाथ म्हणजे फाइलची खरी जागा नव्हे. सेटडेटासोर्सला कॉन्टेक्स्ट आणि यूआरआय जसेच्या तसे द्या, मग एक्स्ट्रॅक्टमेटाडेटाकडे ड्युरेशन मागा. उत्तर मिलिसेकंदांत, पण स्ट्रिंग (मजकूर) म्हणून येतं, म्हणून त्याची संख्या करायला टूलाँगऑरनल वापरा. शेवटी रिट्रीव्हर रिलीज करायला (मोकळा करायला) विसरू नका. हे काम मुख्य थ्रेडवर (स्क्रीन चालवणाऱ्या) केलंत तर यादी अडखळेल. लांबी एकदाच काढून डेटाबेसमध्ये ठेवा.

आजींच्या फाइलबद्दल: एमपी4 मध्ये लांबी 'मूव्ह' नावाच्या भागात असते. फोनचा रेकॉर्डर तो भाग साधारणपणे रेकॉर्डिंग थांबवतानाच पुरा करतो. बॅटरी गेली आणि ते राहिलं. चित्र-आवाज मात्र फाइलीत असू शकतो. तिची साइज बघा. आधी प्रत काढा, मूळ फाइलला अजिबात हात लावू नका. अनट्रंक नावाचं मोफत साधन अशा फाइली दुरुस्त करतं. त्याला त्याच फोनवर, त्याच सेटिंगने घेतलेला एक धड व्हिडिओ नमुना म्हणून लागतो.

धागाकर्ता

यूआरआय सरळ दिला, यादीत लांबी आली. मनापासून आभार! आजींची फाइल 96 एमबी आहे, म्हणजे आत काहीतरी नक्की आहे. प्रत काढली. तो फोन आता बहिणीकडे असतो, तिच्याकडून नमुन्याचा व्हिडिओ मागवलाय. आला की अनट्रंक चालवून इथेच कळवतो.