सरकारी उपचार फुकट, पण आईचा खाडा होतो. वॉर्ड ऑफिसकडे नेमकं काय मागायचं?

मानखुर्दची_लेक
आई चेंबूरला घरकाम करते. तिला साखर आणि बीपी दोन्ही आहे, कागद महापालिकेच्या एका मोठ्या हॉस्पिटलात आहेत. केस पेपरचे पैसे किरकोळ. पण रक्त द्यायला एक खेप, रिपोर्टला दुसरी, डॉक्टरांना दाखवायला तिसरी, आणि सगळं सकाळीच. प्रत्येक खाड्याचे पैसे कापले जातात. म्हणून आई गोळ्या दिवसाआड घेते, पुरवून पुरवून.

मागच्या खेपेला मी सोबत होते. खिडकीवरून चिठ्ठीवर रूम नंबर खरडून दिला. आईला वाचता येत नाही. विचारलं तर "बोर्ड दिसत नाही का?" आमच्या पुढे बुरख्यातल्या एक बाई होत्या. त्यांचा पत्ता ऐकून खिडकीतले दोघं एकमेकांकडे बघून हसले. त्या बाई केस पेपर न घेताच निघून गेल्या.

रांग सगळ्यांना सारखीच, असं म्हणतात. ज्याला पगारी रजा मिळते त्याला आणि माझ्या आईला ती सारखी कशी? आमचं महिला मंडळ वॉर्ड ऑफिसला निवेदन देणार आहे. नुसतं "सुविधा द्या" लिहिलं तर कागद फाइलला लागतो. काय मागू?

निवृत्त_सिस्टर
बाळा, आधी आईच्या गोळ्या रोज सुरू कर. दिवसाआड घेऊन साखर आटोक्यात राहत नाही.

मी तुमच्या मानखुर्द-गोवंडीच्या एम पूर्व वॉर्डात बरीच वर्षं काढली. तुमच्याकडे साखर एकटी येत नाही. साखर असलेल्याला टीबीचा धोका दोन-तीन पट असतो, आणि दाटीच्या, हवा न खेळणाऱ्या खोल्यांत टीबी पसरतो. घरात कुणाला दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. तपासणी, औषध फुकट आहे. उपचार चालू असताना निक्षय पोषण या सरकारी योजनेचे महिन्याला १००० रुपये खात्यात येतात, नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते.

निवेदनात हे लिही: ज्यांची साखर-बीपी स्थिर आहे त्यांना महिन्याच्या गोळ्या घराजवळच्या पालिकेच्या ‘आपला दवाखान्यात’ एकदम मिळाव्यात, रक्तही तिथेच घ्यावं, तीन महिन्यांची सरासरी साखर कळते त्या तपासणीचंसुद्धा. २०२२ मध्ये हे दवाखाने सुरू झाले ते संध्याकाळी कामावरून येणाऱ्यांसाठीच, रात्री दहापर्यंत. ती वेळ खरोखर पाळली जाते का, हे मंडळाने जाऊन बघावं. मोठ्या हॉस्पिटलात डोळ्यांचा पडदा तपासायला वर्षातून एकदा गेलं तरी चालेल.

आणि वाचता न येणाऱ्यांसाठी आम्ही सकाळच्या गोळीच्या पाकिटावर सूर्य काढायचो, रात्रीच्या पाकिटावर चंद्र. पेन लागतं फक्त. हेही मागा.

परळचा_कर्मचारी
मी ओपीडीत असतो. ते हसणं चूकच, त्याची लेखी तक्रार करा, तारीख-वेळ घालून. पण एक सांगतो, सकाळी डॉक्टरला मान वर करायला फुरसत नसते. जागा रिकाम्या आहेत. निवेदनात त्या जागांवर माणसं भरायची मागणी केली नाही तर बाकीचं कागदावरच राहील.

समाजसेवा_खिडकी
महात्मा फुले ही सरकारी आरोग्य योजना दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी असते, ओपीडीच्या गोळ्यांना नाही. उद्या आईला दाखल करायची वेळ आली तर मात्र धर्मादाय हॉस्पिटलं लक्षात ठेवा. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाप्रमाणे तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्याव्या लागतात. रेशन कार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आताच काढून ठेवा, ऐनवेळी तो मिळत नाही. मोठ्या पालिका हॉस्पिटलात समाजसेवकांची खोलीही असते, बाहेरून औषध आणायला सांगितलं की आधी तिथे जा.

मानखुर्दची_लेक
सिस्टर, आईला खोकला नाही, पण शेजारच्या काकूंना महिनाभर आहे. उद्या त्यांना थुंकी तपासायला नेते. निवेदनात घराजवळच्या गोळ्या, संध्याकाळची वेळ, पाकिटावरची चित्रं आणि रिकाम्या जागांवर भरती, एवढंच ठेवते. पोच घेऊ. वस्तीत वाचून दाखवायला हिंदी आणि उर्दू प्रतही हवी. हिंदी मी करते. गोवंडीत उर्दू चांगलं लिहिणारं कोणी आहे का इथे?