लस न घेणाऱ्याकडून घ्यायचे ते पैसे: कर, दंड की वर्गणी?

विचारणा, राजापूर तालुक्यातून:

आमच्या गावच्या वाचनालयात माघी गणपतीला मुलांची वादविवाद स्पर्धा असते. मी हायस्कूलला मराठी शिकवतो, त्यामुळे विषयाची वाक्यरचना माझ्याकडे आली आहे. करोनाच्या टाळेबंदीत ही मुलं प्राथमिक शाळेत होती, म्हणून विषय तिथलाच घेतला. लस न घेणाऱ्याकडून सरकारने पैसे घ्यावेत का?

ही कल्पना मी मनाने काढलेली नाही. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताचे तेव्हाचे प्रमुख फ्रांस्वा लगो यांनी ११ जानेवारी २०२२ रोजी तसं जाहीर केलं होतं. वैद्यकीय कारण नसताना लस टाळणाऱ्या प्रौढांनी सरकारकडे पैसे भरायचे, कारण रुग्णालयांवर त्यांचा भार पडतो, असं त्यांचं म्हणणं. समाजात फूट पडते म्हणून १ फेब्रुवारीला त्यांनीच तो बेत सोडला. तीन आठवड्यांत प्रकरण संपलं, पण माझी अडचण तिथूनच सुरू होते. त्यांनी फ्रेंचमध्ये जो शब्द वापरला तो 'काँत्रिब्यूस्याँ', म्हणजे आपल्या वाट्याचं देणं. इंग्रजी बातम्यांत त्याचा 'टॅक्स' झाला. मी वर्गात हे सांगितलं तर एक मुलगा म्हणाला, हा दंड आहे. दुसरा म्हणाला, सरकार घेतं तो कर. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, ही तर वर्गणी. शिमग्याला घरटी काढतात तशी." तास संपेपर्यंत मुलं भांडत होती आणि खरं सांगायचं तर मला निवाडा देता आला नाही.

दुसरा प्रश्न. लसीबद्दल जे जे खोटंनाटं पसरलं त्या सगळ्याला आपण 'अफवा' म्हणतो. नातवाच्या काळजीपोटी घाबरलेली आजी आणि रात्री मुद्दाम व्हिडिओ बनवून सोडणारा माणूस, दोघांना एकच शब्द लावायला मन धजत नाही. जुने शब्द कोणाच्या कानावर असतील तर सांगा.

*

वेंगुर्ल्याहून, ग्रामपंचायतीतून निवृत्त:

गुरुजी, ३१ वर्षं वसुली केली, म्हणून पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

लोक 'कर' फारसं म्हणतच नाहीत. आमच्याकडे घरपट्टी, पाणीपट्टी. कोल्हापूरला गेलात की तोच घरफाळा होतो, पुण्यात मिळकतकर. जमिनीचा तो सारा. कोकणातल्या जुन्या दप्तरांत 'धारा' सापडेल आणि तो भरणारा 'धारेकरी'. गावचा सारा वसूल करणाऱ्या खोताच्या हाताखालचं कूळ आणि धारेकरी यांत जमीनअस्मानाचा फरक होता. धारेकऱ्याचा आकडा ठरलेला आणि तो देणं त्याला मानाचं वाटे. कुळाकडून खोत काय मागेल त्याला धरबंध नसे. खोती मोडायचं विधेयक बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात मांडलं, कायदा व्हायला १९४९ उजाडलं. तेव्हा 'सरकारला देणं' म्हटलं की आपल्या माणसाला दोन आठवणी येतात, एक मानाची आणि एक नाडल्याची. कुठली जागी होईल ते शब्दावर ठरतं.

आता फरक. कर सगळ्यांना लागू असतो आणि त्याच्या बदल्यात अमुकच मिळेल असं वचन नसतं. घरपट्टी भरली म्हणून माझ्याच दारातला दिवा लागतो असं नाही. शुल्क घेतलं की बदल्यात काहीतरी दिलं पाहिजे, दाखला तरी. दंड मात्र चुकीबद्दल असतो. आधी कायद्याने सांगावं लागतं की ही चूक, मग दंड. ग्रीसने जानेवारी २०२२ पासून लस न घेतलेल्या साठीपुढच्यांना महिना १०० युरो लावले, तो उघड दंड होता. ऑस्ट्रियाने कायदाच केला, ३६०० युरोंपर्यंत दंड ठेवला आणि महिन्याभरात तो स्थगित केला. सिंगापूरची तिसरीच तऱ्हा. आपणहून लस न घेतलेल्याने करोना झाल्यास उपचाराचं बिल स्वतः भरायचं, डिसेंबर २०२१ पासून. त्याला कर म्हणता येत नाही आणि दंडही नाही. 'सवलत काढली' एवढंच म्हणता येतं.

एक अनुभव सांगतो. पंचायतीच्या पावतीवर घरपट्टी, दिवाबत्ती कर आणि 'आरोग्य कर' असे रकाने वर्षानुवर्षं छापलेले आहेत. आरोग्य कर म्हणजे गटार, कचरा, साफसफाई. ह्या रकान्याकडे कधी कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. २०२१ च्या पावसाळ्यात मात्र एका वाडीत बातमी फिरली की हा लसीचा कर आहे आणि लस नाही घेतली तर तो दुप्पट होणार. माणसं जुन्या पावत्या घेऊन आली. मी दहा-बारा वर्षांमागच्या पावत्या काढून तोच रकाना दाखवला, तेव्हा बहुतेक जण शांत झाले. दोघे तरीही म्हणाले, "म्हणजे तेव्हापासनाच ठरलेला होता!" त्यांचा राग मला आला नाही. पावतीवर 'सफाई कर' छापलं असतं तर ही वेळच आली नसती.

*

अलिबागकडून:

'वर्गणी' कृपा करून नको.

त्या मुलीने शब्द प्रेमाने वापरला, हे कळतं. पण रायगडातल्या कितीतरी गावांत गावकीची वर्गणी थकली की पुढची पायरी कोणती, ते आम्ही पाहिलं आहे. लग्नाला बोलावणं नाही, दुकानात सामान नाही, मयताला खांदा नाही. 'वाळीत टाकणं'. ह्याच्याविरुद्ध २०१६ साली महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा केला, ३ जुलै २०१७ पासून तो लागू आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे त्यात. वर्गणी वरून ऐच्छिक दिसते आणि आतून सक्तीची असते, म्हणून तर ती अंगावर येते. कर निदान पावती देतो, त्यावर दाद मागता येते. संविधानाच्या २६५व्या अनुच्छेदात स्पष्ट आहे की कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर बसवता येत नाही. वर्गणीला असा कोणता अनुच्छेद आहे?

२०२० च्या मे महिन्यात मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना काही ठिकाणी वेशीवर अडवलं गेलं. शब्द होता 'विलगीकरण', वागणूक होती वाळीत टाकण्याची. माझा भाऊ शाळेच्या खोलीत १४ दिवस होता. डबा ठेवणारा माणूस दारापासून वीस पावलांवरून हाक मारायचा. रोगाची भीती मी समजू शकतो. पण तो बाहेर आल्यावरही गणपतीपर्यंत कोणी घरी आलं नाही.

*

दापोली तालुक्यातून, निवृत्त आरोग्यसेविका:

सर, दुसऱ्या प्रश्नावर लिहायला बसले आणि आधी 'लस' शब्दापाशीच थांबले.

इंग्रजी 'व्हॅक्सीन' शब्दात गाय आहे, लॅटिनमधली 'वाक्का'. आपल्या शब्दात फोडातून पाझरणारं पातळ पाणी आहे. जखमेतून लस येते म्हणतो, ती लस. 'लसीका ग्रंथी' हा शास्त्रातला शब्दही त्याच घराण्यातला. नाव असं पडण्याला कारण आहे. पहिल्या काळात लस बाटलीत नव्हती. एका मुलाच्या दंडावर आलेल्या फोडातलं पाणी दुसऱ्याच्या दंडावर टोचत नेत. १४ जून १८०२ ला मुंबईत तीन वर्षांच्या एका मुलीला पहिल्यांदा टोचलं, तेव्हा ती लस बगदाद-बसऱ्याहून अशीच हातोहात आली होती. दुसऱ्याच्या अंगातलं आपल्या अंगात नको, ही भीती तेव्हा होती आणि त्या पद्धतीत ती वेडगळ मुळीच नव्हती. आज ती पद्धत उरली नाही, शब्द तेवढा राहिला.

माझी आजी 'लस' म्हणत नसे. 'देवी काढल्या' म्हणे, आणि काढायला येणारा तो 'देवी-डॉक्टर'. रोगाचं आणि उपायाचं नाव एकच. हिंदुस्थानातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ चा. आजीच्या दंडावरचा तो वाटोळा वण मी लहानपणी बोटाने चाचपत असे. करोनाच्या वेळी ज्या म्हाताऱ्यांना आठवण होती त्यांच्याशी मी 'देवी काढल्यासारखंच आहे' एवढंच बोलले. त्या बिनतक्रार दंड पुढे करत. तरुणांना मात्र ह्या शब्दाने काही सांगता येत नव्हतं.

त्याउलट एका सरकारी शब्दाने आमचं नुकसान केलं: 'बाधित'. शहरात 'करोनाबाधित' म्हणजे पॉझिटिव्ह आलेला, इतकंच. इकडे 'बाधा' कशाची होते ते सांगायला नको. तिन्हीसांजेला नको तिथे गेलेल्याला बाधा होते आणि ती काढायला भगत लागतो. एका घरातल्या सुनेचा रिपोर्ट आला, मी ओटीवर उभी राहून म्हटलं, "ह्यांना बाधा झालेली आहे." सासूने पदर तोंडावर घेतला आणि दुसऱ्या दिवशी कळलं की नारळ देऊन झाला. चूक माझी होती. नंतर मी 'लागण झाली' म्हणू लागले, तापाची लागण म्हणतात तसं.

आता 'फुकट'. २१ जून २०२१ पासून अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना सरकारी केंद्रात लस विनाशुल्क होती. आमच्याच उपकेंद्राबाहेर कोणीतरी फळ्यावर लिहिलं, 'फुकट लस'. फुकट शब्दाला वजन नसतं हो. फुकट गेलं म्हणजे वाया गेलं. "फुकटचं म्हणजे पाणीच भरलेलं असणार, खरी लस मुंबईला पैसे भरून मिळते," हे मी निदान पन्नास तोंडांतून ऐकलं. मग मी हिशेब मांडून दाखवायचे. खासगी रुग्णालयात कोविशील्डची कमाल किंमत ७८० रुपये ठरली होती. लसीचे ६००, त्यावर ५ टक्के जीएसटीचे ३०, आणि टोचणावळ १५०. तीच कुपी, तेच दहा डोस, इथे तुमच्याकडून घेत नाहीत कारण तुम्ही आधीच दिलेत. काडेपेटी घेताना दिलेत, साबण घेताना दिलेत. त्या वर्षीच्या केंद्राच्या अर्थसंकल्पात लसीसाठी ३५ हजार कोटी ठेवले होते ते अशाच पैशांतले. हर्णै बंदरावरची एक कोळीण हे ऐकून म्हणाली, "मंग मना माझीच दे, दुसऱ्याला नको देऊ." तिने घेतलीच, सोबत जावेलाही आणलं. फळ्यावरचं 'फुकट' पुसून आम्ही 'आपल्या करातून' असं लिहिलं.

म्हणून मला वाटतं, कर हा शब्द तुम्ही शिक्षेच्या बाजूला टाकू नये. लस आपल्यापर्यंत आली ती करामुळेच.

*

मालवणहून:

अफवेक आमच्याकडे वेगळो शब्द लागना नाय, कारण ती अफवा म्हणान येतच नाय. ती 'गजाल' म्हणान येता. संध्याकाळी धक्क्यार बसान जाळी शिवताना कोणीतरी सांगता, "अरे, त्या अमक्याक सुई टोचली नि तिसऱ्या दिवशी..." सांगणाऱ्याच्या मनात पाप नसता. गजाल खरी की खोटी ह्या विचारूचा नसता, रंगली की नाय ता बघूचा. माझ्या काकान तशीच एक गजाल ऐकली नि डोस घेवक गेलो नाय. सप्टेंबरात करोनान गेलो तो. त्याका कोणी फसवल्यान असा माका म्हणूचा नाय. पण माका अजून त्या धक्क्यार बसवना नाय.

*

चिपळूणहून:

आमच्या बाबांच्या तोंडचे शब्द देते. 'अफवा' मुळात अरबी, 'तोंड'चं अनेकवचन. म्हणजे पुष्कळ तोंडं, पण बोलवता धनी कोण ते कळत नाही. 'आवई' संकट चालून येत असल्याची. पूर्वी गनीम आल्याची, २०२० मध्ये किराणा बंद होणार असल्याची. 'हूल' माणसाला पळायला लावते. 'भुमका' नुसता दरवळतो. ह्या चारींत करणारा दिसत नाही.

पण 'कंडी पिकवणं' पाहा. पिकवायला पिकवणारा लागतो. आणि 'वावडी उठवणं': वावडी म्हणजे मोठा पतंग. वर नुसती वावडी दिसते, दोरी कोणाच्या तरी हातात असते. लोहचुंबक चिकटतो, लसीत चिप आहे, मूल होत नाही, ह्या वावड्या होत्या. सरांची आजी तिच्याखाली उभी राहून मान वर करून पाहणारी. तिचा तो गैरसमज, आणि तो दूर करता येतो. दोरी धरणाऱ्याचा गैरसमज नसतोच.

*

विचारणा करणारा, पुन्हा:

सगळे प्रतिसाद वर्गात वाचून दाखवले, मालवणचा सोडून. तो मी एकट्याने दोनदा वाचला.

'वर्गणी' सुचवणारी मुलगी अलिबागचं पत्र ऐकून बराच वेळ गप्प होती. मग तिनेच शब्द मागे घेतला. 'दंड'वाल्याला मी आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा २ मे २०२२ चा निकाल सांगितला. कोणावरही लसीची सक्ती करता येणार नाही, देहावरचा हक्क अनुच्छेद २१ मध्ये येतो, मात्र लोकांच्या आरोग्यासाठी सरकार वाजवी निर्बंध घालू शकतं. न घेणं ही चूकच ठरत नसेल तर दंड कशाचा, हे त्याने स्वतःच विचारलं. करवाला अजून ठाम आहे. त्याला मी वेंगुर्ल्याचं पत्र घरी दिलं आहे.

वाक्य असं करतो आहे: 'लस नाकारणाऱ्याकडून सरकारने सक्तीने पैसे घ्यावेत का?' नाव मुलांनीच द्यावं. वावडी आणि गैरसमज हे दोन शब्द गुणांच्या तक्त्यात घालतो. भाषणात फरक केला तर दोन गुण.

*

दापोलीहून, आरोग्यसेविका:

सर, एक शब्द बदलाल का? 'नाकारणाऱ्याकडून' नको, 'न घेतलेल्याकडून' करा.

१ मे २०२१ पासून अठरा ते चव्वेचाळीसच्या लोकांना आधी मोबाइलवर नोंदणी लागत होती. आमच्या डोंगरावरच्या धनगरवाडीला रेंज नव्हती. सकाळी नोंदणी उघडली की काही मिनिटांत जागा संपायच्या आणि केंद्रावर गाड्या यायच्या त्या शहरांतून. कुपी उघडल्यावर चार तासांत संपवावी लागते, म्हणून उरलेले डोस दुपारी कोणालाही देत असू, पण वाडीवरून पायी उतरायला दीड तास. जुलैत मी लसीचा थंड डबा घेऊन वर गेले तेव्हा ३८ जणांनी घेतली, एकानेही नाही म्हटलं नाही. रजिस्टरमध्ये मात्र त्याआधी दोन महिने त्यांच्या नावापुढे 'नकार' लिहिलेलं होतं.

*

विचारणा करणारा:

बदललं, ताई. फलकावर उद्या तसंच लागेल. 'न घेतलेल्याकडून'.