पुरस्कार सोहळा टीव्हीवर: वेळ नाही की मन नाही?

प्रेषक: परभणीकर
नमस्कार मंडळी,
गावाकडं, जिंतूर-सेलूपर्यंत, माणसं जेवणं आटोपून चित्रपट पुरस्कार बघायला बसतात. पण संकलन, छायालेखन, ध्वनी, वेशभूषा यांचे विजेते अर्ध्या मिनिटाच्या पट्टीत एकत्र गुंडाळलेले दिसतात. कारण ठरलेलं: वेळ नाही. हिशोब मांडून बघा. तीन तासांचा कार्यक्रम. नियमाप्रमाणं तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिराती, म्हणजे ३६ गेली, १४४ उरली. एका पुरस्काराला नामांकनांची झलक ४५ सेकंद, पाकीट उघडायला १५, मंचावर यायला ३०, मनोगत ६०. झाली अडीच मिनिटं. असे २० पुरस्कार ५० मिनिटांत बसतात! नाच आणि विनोदाला तरीही दीड तास राहतोच की. ज्या माणसानं सिनेमा कापून उभा केला, त्यालाच कापायलेत, याचा राग येतो. वाहिनीला पत्रच लिहावं म्हणतो.

प्रेषक: लातूरकर
परभणीकर, हिशोब पटला. पण आपल्याकडचे बहुतेक सोहळे आधी चित्रित होतात आणि काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी दाखवतात. निकाल तोवर फोनवर फिरून जुना झालेला असतो, म्हणून प्रेक्षक धरून ठेवायला नाच पुढं आणि तंत्रज्ञ मागं. हसणाऱ्या-टाळ्या वाजवणाऱ्या चेहऱ्यांचे तुकडेही भलतीकडचे जोडतात. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस एकाएकी बदलला की ओळखावं.
तक्रारीचा उपयोग होतो. ऑस्करवाल्यांनी २०२२ मध्ये संकलन, ध्वनी, संगीत धरून आठ पुरस्कार प्रक्षेपणाच्या आधी देऊन टाकले आणि कापून मध्ये जोडले. टीका एवढी झाली, की २०२३ ला सगळे पुन्हा थेट दाखवले. तंत्रज्ञांना नावानिशी पुढं येताना बघायचं असेल तर दूरदर्शनवरचा राष्ट्रीय पुरस्कारांचा सोहळा बघा. तिथं नाच-गाणं नसतं.

प्रेषक: नांदेडकर
दूर राहून, गावाकडच्या घरच्यांसोबत एकाच वेळी ऑस्कर बघणाऱ्यांसाठी दोन गोष्टी.
वेळ: २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षी सोहळा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी ७ ला होता. पण नांदेडात तो पहिल्या वर्षी पहाटे ४:३० ला आणि दुसऱ्या वर्षी ५:३० ला लागला. तिकडची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढं जातात. २०२४ चा सोहळा नेमका त्याच रविवारी होता, २०२५ चा त्याच्या आधी, २ मार्चला. तेव्हा आईबाबांना गजर सांगण्याआधी तारीख बघा: त्या रविवारपासून साडेनऊ तासांचा फरक, त्याआधी साडेदहा.
रेकॉर्डिंग: सेट-टॉप बॉक्स छापील वेळेला थांबतो, सोहळा थांबत नाही. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एका स्ट्रीमिंग सेवेचं प्रक्षेपण सर्वोत्कृष्ट अभिनेत्री आणि सर्वोत्कृष्ट चित्रपट या शेवटच्या दोन पुरस्कारांआधीच तुटलं होतं. म्हणून पुढच्या कार्यक्रमाचंही रेकॉर्डिंग लावा, किमान तासभर. एचडीला तासाला साधारण ४ जीबी धरा, ३२ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. मात्र ते रेकॉर्डिंग बहुतेकदा त्याच बॉक्सवर चालतं, दूरच्या माणसाला पाठवता येत नाही.
लाइट गेली तर? छतावरच्या डिशला वीज बॉक्सच्याच केबलमधून जाते, म्हणून एकटा बॉक्स इन्व्हर्टरवर ठेवला तरी भागतं, टीव्ही बंद असला तरी चालतो. केबलवाल्याचं कनेक्शन असेल तर गल्लीतल्या खांबावरच्या अॅम्प्लिफायरलाही वीज लागते. तिथं घरचा इन्व्हर्टर कामाचा नाही.

प्रेषक: परभणीकर
नांदेडकर, आभार. वाहिनीला पाठवायच्या पत्रात अडीच मिनिटांचा हिशोब जसाच्या तसा घालतो. लातूरकर, २०२२ चा ऑस्करचा दाखला तुम्ही चार ओळींत लिहून द्या. रविवारी मसुदा इथंच टाकतो.