मदत हवी आहे: जाड अंगाला बसेल अशी सायकलिंग शॉर्ट्स

मैत्रिणींनो, तीन महिन्यांपासून सायकल चालवतेय. पाय दुखत नाहीत, दम टिकतो, पण मांड्या घासून सोलवटतात. साध्या लेगिंग्जची मधली शिवण नेमकी सीटवर येते आणि तासाभरात नको जीव होतो.

कंबर ४२ इंच, नितंब ५० इंच. कंबरेच्या मापाने मागवलेली पॅडवाली (बसायच्या जागी आतून मऊ गादी शिवलेली) शॉर्ट्स मांडीवर चढलीच नाही. दुसरी चढली, पण खालच्या सिलिकॉनच्या पट्टीने मांडीवर वळ उठवले, आणि वाकलं की कंबरपट्टा गुंडाळून पोटाखाली! पुरुषांची मोठ्या मापाची घेऊन पाहिली, तर पॅड भलत्याच जागी.

आता उंच कंबरेची, रुंद आणि मऊ पट्टीची, मांडी पूर्ण झाकणारी हवी आहे. आतून घालायची पॅडवाली लायनर आणि वरून घरातलीच सैल शॉर्ट्स, हे स्वस्तात जमेल असं वाटतं. कुणी वापरलंय का? लायनर सरकते का? पॅड जाड बरं की पातळ पण घट्ट? आत निकर घालायची नसते हे कळलंय (उशिरा कळलं, असो).

बजेट बेताचंच आहे. ‘आधी वजन कमी कर’ हा सल्ला कृपया नको, त्यासाठीच तर सायकलवर बसायचंय.