जुनी मस्टँग विकायची, तर नवे ब्रेक काढायचे का?

ओहायोकर
लोकहो, १९६६ ची फोर्ड मस्टँग कूपे विकायला काढतोय. २८९ घनइंचांचा व्ही-८, चेसिस नंबरातलं पाचवं अक्षर 'सी', म्हणजे कारखान्यातून दोन बॅरल कार्बुरेटर आणि २०० अश्वशक्ती घेऊन आलेली. इंजिन मूळचंच, बाकी बरंच बदललंय. तीन गिअरच्या ऑटोमॅटिकच्या जागी पाच गिअरचा टी-५ मॅन्युअल, कार्बुरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन, पुढे डिस्क ब्रेक, ब्रेकला दोन सर्किटचा (दोन वेगळ्या नळ्यांचा) मास्टर सिलिंडर, एसी. काढलेले सगळे पार्ट खोक्यांत आहेत.

ओळखीतले एक दलाल म्हणतात, सगळं मूळ बसवा, मगच जाहिरात द्या. मला हे पटत नाही. ६६ च्या मस्टँगला ब्रेकचं सर्किट एकच. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. मस्टँगला दोन सर्किटं मिळाली ६७ च्या मॉडेलपासून. पदरचे पैसे घालून गाडी पुन्हा धोकादायक करायची आणि तिला 'ओरिजिनल' म्हणून मिरवायचं? बोला.

जुनं_ते_सोनं
ब्रेकचं मान्य, इंजेक्शनचं नाही. ज्याला तुम्ही सुधारणा म्हणता ती तुमची आवड आहे, घेणाऱ्यानं तिचे पैसे का मोजावेत? त्या किटला टचस्क्रीन असेल, कंट्रोलर असेल. उद्या कंपनीनं ते मॉडेल बंद केलं की गाडी दारात उभी. कार्बुरेटर कुठल्याही गावातला म्हातारा मेकॅनिक स्क्रूड्रायव्हर घेऊन अर्ध्या तासात ताळ्यावर आणतो. शिवाय 'नंबर्स मॅचिंग', म्हणजे इंजिनावरचा नंबर गाडीच्या नंबराशी जुळणं, नावाची गोष्ट असते, साहेब.

मिशिगनची_सून
काका, ती इथे नसते. ६६ साली फोर्ड चेसिस नंबर इंजिनावर ठोकायची तो फक्त 'के' कोडच्या २७१ अश्वशक्तीच्या इंजिनावर. 'सी' कोडला ब्लॉकवरचा ओतीव क्रमांक आणि तारीख जुळवून बघायची, त्यापलीकडे पुरावा नाही. आणि त्या वर्षी मस्टँग सहा लाखांवर बनल्या, त्यातल्या बहुतेक कूपेच. 'के' कोड असती, निदान फास्टबॅक (मागे उतरत्या छताची) असती, तर तुमच्या बाजूने मीच भांडले असते. या गाडीचं सोवळं कशाला?

हो, आणि पुढचे डिस्क ब्रेक त्या काळी जादा पैसे भरून कारखान्यातूनही मिळायचे. ते तर बाटवणंही नव्हे.

जुनं_ते_सोनं
ताई, इंजिनाचा मुद्दा सोडला. पण गिअरबॉक्स? या गाड्यांवर जीव टाकणारी पिढी आता सत्तरी-पंच्याहत्तरीत आहे. गुडघे दुखतात. त्यांना क्लच नकोय, एक हात खिडकीवर टाकून रविवारी संथ फिरायचंय. तुम्ही ऑटोमॅटिक काढून हक्काचं गिऱ्हाईक घालवलंत. आणि वायरिंग कोणी केलंय, हे अजून सांगितलेलं नाही!

ओहायोकर
वायरिंग मी स्वतः केलंय. फ्यूज बॉक्स नवा, प्रत्येक तारेला लेबल, नकाशा ग्लव्ह बॉक्समध्ये. क्लचबद्दल म्हणाल तर त्यांची मुलंही गाड्या घेतात की. ती हायवेवरून नेतात. जुन्या तीन गिअरवर इंजिन इतकं ओरडतं की शेजारी बसलेल्याशी बोलता येत नाही. पाचव्या गिअरला निवांत चालते.

सॅन_होजेचा_बाबू
दोघंही भलत्याच गोष्टीवर भांडताय. जाणता गिऱ्हाईक बॉनेट उघडण्याआधी काउल बघतो. वायपरखाली जाळी असते, तिथून पावसाचं पाणी आतल्या पोकळीत उतरतं. ती पोकळी आतून गंजली की पाणी थेट पायांवर. बादलीभर पाणी जाळीत ओता, आत वाकून टॉर्चनं कारपेटची कड उचला. ओल दिसली तर तुमच्या इंजेक्शनला आणि त्यांच्या कार्बुरेटरला सारखाच भाव: शून्य.

दुसरं, पावत्यांची बेरीज करून किंमत ठरवू नका. लग्नाचा खर्च आहे तो, वसूल होत नाही. पावत्या दाखवा मात्र जरूर, काम कोणी केलं ते त्यातूनच कळतं. आणि आमच्या कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या मॉडेलला धुराच्या तपासणीतून सूट आहे, म्हणजे इकडचा गिऱ्हाईक इंजेक्शन बघून बिचकणार नाही.

ओहायोकर
काउल उघडून आतला पत्रा बदललाय, वेल्डिंगचे फोटो आहेत. बादलीची चाचणी व्हिडिओ काढून जाहिरातीत टाकतो, ही कल्पना आवडली. खोक्यांचं काय करू? सुटे पार्ट वेगळे विकले तर बरे पैसे येतील.

मिशिगनची_सून
अजिबात नको. खोकी गाडीबरोबर द्या आणि जाहिरातीच्या पहिल्याच ओळीत लिहा. ज्याला सोवळं पाळायचंय तो पाळेल, त्याच्या खर्चानं. बदल एकही लपवू नका. ब्रेक, गिअरबॉक्स, पेडल, सगळं लिहा, कोणत्या गाडीच्या नावाने सुटे भाग मागवायचे तेही लिहा. नाहीतर नवा मालक ६६ चे ब्रेक पॅड मागवेल आणि ते बसणार नाहीत.

जुनं_ते_सोनं
खोकी देणार असाल तर माझा विरोध निम्मा. तरी सांगतो, मी असतो तर ऑटोमॅटिक परत बसवूनच विकली असती. त्या ऑटोमॅटिकच्या खोक्यात टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारा भाग, आहे ना?

ओहायोकर
आहे. का? घेताय?

जुनं_ते_सोनं
बायकोला विचारतो. रंग कोणता?