रीडिंग खोडून 'बरोबर' लिहिलं की विज्ञान शिकवून झालं?

खडू_फळा:
दहावीला विज्ञान शिकवतो. गेल्या आठवड्यात बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर काढायचं होतं, म्हणजे खूप लांबच्या वस्तूची स्पष्ट प्रतिमा भिंगापासून किती अंतरावर पडते ते. भिंगावर १० सेमी लिहिलेलं. एका गटाची प्रतिमा सारखी ११.१ वर येत होती. मी पोचेपर्यंत वहीत रबराचा डाग, त्यावर ऐटीत १०.०! "सर, उत्तर दहाच यायला पाहिजे ना?" पुन्हा मांडायला लावलं. तर बाहेरचं झाड सोडून मंडळींनी खिडकीचे गज कागदावर घेतले होते, जेमतेम मीटरभर लांबचे. मीटरवरच्या वस्तूची प्रतिमा ११.१ वरच पडणार! म्हणजे खरं खोडून खोटं लिहिलं. माझं म्हणणं, प्रात्यक्षिकाच्या २० गुणांतले ५ 'असं का आलं' यालाच ठेवा. उत्तर चुकलं तरी चालेल.

दहावीचा_बाबा:
सर, कळकळ पोचली. पण ४०-४० चे दोन लेखी पेपर आहेत. या एका भिंगापायी किती वेळ गेला? लेकीच्या वर्गात ६८ मुली, भिंगं चार. पोर्शन राहिला की क्लासचे पैसे आम्हीच भरतो.

खडू_फळा:
दोन तासिका गेल्या. नाकारत नाही.

लंबक:
तुमचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. ११.१ बरोबर, हे कशावरून कळलं? भिंगाच्या सूत्रावरून. ते ज्याला येत नाही तो 'का, का' करत नुसतं डोकं खाजवेल. आधी विषय पक्का करा, मग शंका. नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर लसीवर शंका घेणारे काका आहेतच, तेही 'आम्ही फक्त प्रश्न विचारतो' म्हणतात.

साताऱ्याची:
अहो, सूत्र त्या पोरांना पाठ असणारच, दहावीची आहेत! तरी हात रबराकडेच गेला. अडलं कुठे ते बघा. मध्य प्रदेशात होशंगाबादला १९७२ पासून सरकारी शाळांत सहावी ते आठवीचं विज्ञान प्रयोगांतूनच शिकवायचे, परीक्षेत पुस्तक उघडून बसायची मुभा. पाठ काय आहे हा प्रश्नच मिटला.

लंबक:
आणि २००२ मध्ये सरकारने ते गुंडाळलं, तेही सांगा की.

साताऱ्याची:
सरकारने गुंडाळलं, मुलांनी नाही. तीस वर्षं चाललं, ते मोजायचं नाही का?

दहावीचा_बाबा:
भांडा निवांत. ५ गुण 'का'ला ठेवलेत की महिन्याभरात 'का'चं गाईड बाजारात येईल, संभाव्य चुका व त्यांची कारणे, उत्तरांसह. मीच पहिलं विकत घेईन, खोटं कशाला बोलू.

लंबक:
+१. यावर मात्र एकमत.

खडू_फळा:
गाईड येईल, मान्य. उद्या त्याच गटाला भिंगावरच्या आकड्यावर चिकटपट्टी लावून देतोय. वहीत किती येतं ते इथे टाकतो.