मदत हवी आहे : मेमोशिवाय ज्येष्ठ शिक्षकांकडून काम कसं करून घ्यावं?

अनुदानित माध्यमिक शाळा, तालुक्याचं गाव. जूनपासून मुख्याध्यापक आहे. स्टाफ जुनाच, कालपर्यंत अरे-तुरेतला. टाचणवही (पाठाच्या तयारीची वही) मागितली की "बघू सर", बदली तास दिला की तोंडं वाकडी. खासगी शाळांच्या १९८१च्या सेवाशर्ती नियमावलीमुळे शिक्षकांचा गोपनीय अहवाल, म्हणजे वर्षभराच्या कामाचा शेरा, माझ्या हातात आहे. एकाला मेमो काढला; तेव्हापासून मी शिरलो की स्टाफरूम चिडीचूप. दोघांची संस्थाचालकांकडे थेट ऊठबस, म्हणजे वर तक्रार नेण्यात अर्थ नाही. दहावीचे जादा तास स्वतः घेतो, त्याने तरुण शिक्षक जवळ आले, ज्येष्ठ ढिम्म. शाळा लहान, पर्यवेक्षकपद नाही. बाकीचे ज्यांचं ऐकतात अशा एका ज्येष्ठ बाईंकडे वेळापत्रक सोपवावं म्हणतोय. असं कुणी केलंय का? त्याने मुख्याध्यापकाचं वजन वाढलं की घटलं?